शेवटचं गाणं

आयर्लंडातल्या एका खेड्यात नोरीनबाईंचा पब होता. शेकोटीभोवती गाणी रंगत. जो गाईल त्यानं पुढच्याला गायला लावायचं आणि त्या पुढच्याचं गाणं ऐकल्याशिवाय दार लावायचं नाही, ही तिथली रीत.

एकदा जागेचे मालक क्रॉफ्टनसाहेब कुलूप घेऊनच आले. म्हणाले, "इथं माझं लोकरीचं गोदाम होणार. पण तुमची रीत मी मोडत नाही. शेवटचं गाणं झालं की कुलूप लावीन, हा माझा शब्द."

नोरीनबाईंनी ठेक्यात एक गाणं म्हटलं आणि साहेबांकडे बोट केलं. "आता तुम्ही."

"मी गाऊ? या जन्मात शक्य नाही," साहेब फणकारले.

"मग कुलूपही पुढच्या जन्मीच आणा, साहेब," बाई म्हणाल्या. "शेवटचं गाणं तुमच्यापाशीच अडलंय. बसा, काय घेणार?"