तळ्याकाठची रिकामी जागा

आफ्रिकेतल्या एका भल्यामोठ्या तळ्यापासून दोन दिवसांच्या चालीवर एक खडकाळ डोंगर होता आणि त्या डोंगरावर दोन शेळ्या राहत असत. सख्ख्या बहिणी. थोरली भित्री. पाचोळा हलला तरी तिचे कान उभे राहायचे. (मी काही तिला हसणार नाही, मुलांनो. घरात पाल निघाली की मी कुठल्या खुर्चीवर उभी असते, ते माझ्या घरच्यांना विचारा.) धाकटी होती आरामाची भोक्ती. तिला आयुष्यात एकदा ते तळं बघायचं होतं, आणि तेही निवांत. आपण पाला चघळत बसलोय आणि समोरून हत्ती, जिराफ, गुलाबी रोहित पक्षी चाललेत, असं.

"ताई, चल ना गं. काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला? इथेच बसू की," थोरली म्हणाली. पण गेली. धाकट्या बहिणीपुढे कुणाचं काय चाललंय?

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघी तळ्यावर पोचल्या. काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. थोरलीने रामराम करायच्या आधीच विचारलं, "बगळेभाऊ, मगरी आहेत का हो इथे?"

"आहेत की. त्या काळ्या खडकांपाशी. पाण्यात पाय घालू नका, म्हणजे झालं," बगळा म्हणाला.

पाणवठ्यावर ही गर्दी! झेब्रे, हरणं, रानडुकरं, सगळी गुडघाभर चिखलात, एकमेकांना ढुशा देत पाणी पीत होती. धाकटीने नाक मुरडलं आणि ती पुढे निघाली. थोड्या अंतरावर उंच, दाट लव्हाळं होतं आणि त्याच्या मधून माळावरून थेट पाण्यात उतरणारी एक रुंद, खोलगट वाट. एक काटा नाही, एक दगड नाही. गवत चेपून चेपून गादीसारखं झालेलं. आणि चिटपाखरू नाही.

"बघ! आपल्यासाठीच कुणीतरी झाडून ठेवलंय," धाकटी म्हणाली आणि तिने पाय पसरले.

"कुणीतरी म्हणजे कोण? आणि एवढी छान जागा टाकून हे सगळे तिकडे चिखलात का उभे आहेत गं?"

"त्यांना सवय असेल. ताई, तू मावशीच्या लग्नातसुद्धा आधी पळायची वाट शोधून ठेवली होतीस!"

थोरली शेवटी तिच्याशेजारी टेकली. पण तिची नजर त्या काळ्या खडकांवरून हलेना. त्यातल्या एका खडकाला डोळे होते.

"अगं, तो हत्ती तरी बघ."

"तू बघ हत्ती. मी मगर बघते. दोघींपैकी एकीने तरी बघायलाच हवं."

असा बराच वेळ गेला. ऊन वर आलं. अवघडून बसून थोरलीच्या एका पायाला मुंग्या आल्या. आणि अचानक पाणवठ्यावरची ढकलाढकली थांबली. सगळ्या झेब्र्यांनी माना वर केल्या. थोरलीने घाबरून मगरीकडे पाहिलं. मगर जागची हलली नव्हती. झेब्रे मगरीकडे बघतच नव्हते. ते बघत होते या दोघींच्या पाठीमागे.

पोटाखालची जमीन थरथरली. एकदा. मग पुन्हा.

वाटेच्या वरच्या टोकाला पाणघोडा उभा होता. माळावर चरून पाण्यात परतायला त्याला आज उशीर झाला होता. पाठ उन्हाने भाजत होती. आणि त्याच्या आणि पाण्याच्या मधे ही दोन अनोळखी जनावरं पसरली होती. त्याने जबडा उघडला. त्यात धाकटी अख्खी मावली असती.

"वाट सोडा!" बगळा ओरडला. "पाण्याकडे नको! बाजूला, बाजूला!"

पण धाकटी पाण्याकडेच वळली. तेवढ्यात तो डोळेवाला खडक आवाज न करता पाण्यात उतरला. पुढे मगर, मागे पाणघोडा. धाकटीचा पायच उचलेना. 

थोरलीने शिंगं खाली घातली आणि धाकटीच्या बरगडीत अशी ढुशी हाणली, की ती थेट लव्हाळ्यात जाऊन आदळली. मग थोरली स्वतः उडी मारायला गेली आणि मुंग्या आलेला पाय तिच्या खाली दुमडला. धाकटीने डोळे मिटून घेतले. डोंगर घरंगळत गेल्यासारखा आवाज झाला, मग धपकन पाणी उडालं, आणि मग काहीच नाही.

"ताई?"

उत्तर नाही.

"ताई!"

वाटेच्या पलीकडच्या कडेला काहीतरी हललं. थोरली होती. एक शिंग मुळापासून मोडलं होतं, मांडीतून रक्त येत होतं, पण श्वास चालू होता.

पाण्यातून पाणघोड्याचे दोन डोळे वर आले. त्याला बघून मगर केव्हाच लांब पळाली होती. "बाई, मी तुमच्या अंगावर नाही धावलो. मी पाण्याकडे धावलो. मधे कुणी असलं की मला भीती वाटते. आणि मला भीती वाटली की हे असं होतं."

धाकटी बगळ्यावर उखडली. "अहो, आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही मगरीचं विचारलंत, मी मगरीचं सांगितलं," बगळा म्हणाला. "ही वाट कुणाची, ते कुठे विचारलंत? इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर तिथे कुणी बसत नाही."

धाकटी बहिणीची जखम चाटू लागली.  "ताई, फार दुखतंय का गं? माझ्यामुळे... मी आणलं तुला इथे..."

"रडायचंय ना?" थोरली कण्हत म्हणाली. "रड हवं तेवढं. पण आधी मला या वाटेवरून उठव."

तात्पर्य : रिकामी दिसली म्हणून कुठलीही जागा आपली होत नाही, परक्या गावी पाय पसरण्याआधी विचारून घ्यावं, इथून जातं कोण.