येसूचे न दिसणारे राखणदार

"चोरी झाली आहे! सरकारी औषधाशिवाय कुणाचा पानमळा हिरवा राहूच शकत नाही!"

राजा भद्रसेन दरबारात गरजला. राज्यातल्या नागवेली मुळापासून कुजत होत्या. कीडमार खात्याचे प्रमुख त्र्यंबकपंत दर वेळी आणखी जहाल औषध शिंपवत, वेली आणखी जोमाने मरत, आणि पंतांना बढती मिळे! हिरवा उरला होता एकच मळा, येसू नावाच्या पोरक्या पोरीचा. तिला पकडून आणलं.

"औषध कुठून चोरलंस?" पंतांनी दरडावलं.

"चोरण्याजोगं तरी हवं ना, पंत! मी वडाखालची माती गूळ-शेणाच्या पाण्यात आंबवते नि मुळांशी ओतते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते बुरशीला मुळांजवळ फिरकू देत नाहीत. तुमचं औषध आधी त्या राखणदारांनाच मारतं!"

"न दिसणारे? म्हणजे नसलेले!" पंत हसले.

राजा म्हणाला, "पोरी, उद्या तुझे राखणदार इथे रांगेत उभे कर. नाहीतर मळा उपटून टाकीन!"

आईबापांमागे येसूला तेवढा मळाच होता. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.

"कुठे आहेत राखणदार?"

"लाजतात, महाराज. त्यांचे भाऊबंद राजवाड्यातच राहतात. आधी त्यांना बोलवा."

"माझ्या राजवाड्यात? कोण?"

"काल मुदपाकखान्यात दुधाचं दही ज्यांनी केलं, ते! त्यांना रांगेत उभं करा. मग माझेही त्यांच्या शेजारी उभे राहतील!"

राजाने पंतांकडे पाहिलं. पंत घाईघाईने म्हणाले, "छे! विरजण घातलं की दही आपोआप लागतं!"

"आपोआप? मग आज विरजणात तुमचं औषधही घाला. दही लागतं का बघू! आणि लागलं, तर पंत, पहिली वाटी तुमची!"

पंतांना एकदम खोकला आला. येसूने पदरातून दोन पानं काढली. "बरं, दही राहू द्या. हे पान माझ्या मळ्यातलं, हे तुम्ही औषध शिंपलेलं. कुठलं खाता?"

पंतांचा हात मुकाट्याने येसूच्या पानाकडे गेला!

राजा पोट धरधरून हसला. "मळा तुझाच, पोरी! आणि आजपासून राज्यातले सगळे पानमळेही तुझ्याच हाताखाली. पंत तुझी माती कालवतील!"

दरबार खिदळत होता. राजाचा विडा रोज आधी चाखून बघणारा हुजऱ्या तेवढा हसला नाही. तो हळूच म्हणाला, "महाराज, इतकी वर्षं पंतांनी औषध शिंपलेलं पान तुमच्या आधी मीच खात होतो... त्याचं काय?"