चिंचेने सांगितलेली जवळची वाट

व्यापारी मंडळी, परमुलखात वाट विचारायची वेळ आली, तर तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? जवळची वाट सांगणाऱ्यावर, की ती त्याला कशी कळली हेही सांगणाऱ्यावर?

फार पूर्वी तिठ्यांवरची झाडं वाटसरूंना वाट सांगत. एक झाड शेजारच्याला कळवी, ते पुढच्याला. रीत एकच होती, वाट कोणाकडून कळली तेही सांगायचं.

एकदा उंबर बाभळीला म्हणाला, "माझ्या मागे एक झरा आहे. तुझ्या सावलीला बसणाऱ्या शेरडांपुरताच आहे, पुढे बोलू नकोस." पण बाभळीला मोठेपणा हवा होता. मोठ्या तिठ्यावरच्या चिंचेला तिने कळवलं, "पाण्याची सर्वांत जवळची वाट माझ्याकडून जाते."

"तुला कोणी सांगितलं?" असं चिंचेने विचारायला हवं होतं. पण तिने विचारलं, "किती जवळ?" उत्तर ऐकून ती खूश झाली आणि नदीकडे निघालेले मिठाचे तांडे तिकडे वळवू लागली.

दुपारपर्यंत झऱ्यात नुसता चिखल उरला. अरुंद वाटेवर गोण्या लादलेल्या बैलांना पुढे जाता येईना, मागे वळता येईना. हरण्या नावाचा म्हातारा बैल गुडघ्यांवर बसला. "चिंचमावशी खोटं सांगायची नाही," एवढं म्हणाला, आणि पुन्हा उठला नाही.

ते शब्द चिंचेपर्यंत पोचले. "मी खोटं बोलले नाही गं," ती बाभळीला म्हणाली, "मी नुसतं पुढे सांगितलं."

"मीही तेच केलं, मावशी."

म्हणून हात जोडून सांगतो, मालाचा ठेवता तसा ऐकलेल्या शब्दाचाही हिशोब चोख ठेवा. कोणाकडून आला आणि कोणाच्या पदरात घातला, दोन्ही.