लगमाक्काचं वीतभर अपुरं घोंगडं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या खापरपणजोबांना शेंबूड पुसायची अक्कल नव्हती त्या काळी, बोरमाळाच्या वाडीत मायाप्पा धनगर राहायचा. त्याच्या मेंढ्या काळ्या, घोंगडी काळी, आणि असं म्हणतात, रुसला की तोंडही तसलंच.

त्याची बायको लगमाक्का. तिला काळ्याचा भारी कंटाळा. म्हणून मायाप्पानं जत्रेतून तांबडं रंगवलेलं घोंगडं आणलं. माळावर पावसानं गाठलं, रंग विरघळला, आणि लगमाक्का आठ दिवस गाजरासारखी हिंडली. वाडी हसून लोळली. तीही हसली. पण त्या भिजण्यानं जो खोकला लागला तो काही जाईना. वैद्यानं मान हलवली.

"अवं धनी," ती म्हणाली, "मेंढीच्या अंगावरच उगवलेला रंग आणा. भाजल्या भाकरीवानी. त्येचं घोंगडं पुरं हुईस्तवर म्या मरत न्हाई, जावा!"

मायाप्पानं ते खरं धरलं. तीन बाजार पालथे घालून त्यानं एक तांबूस मेंढा आणला. शेजारी विचारायचे, "मायाप्पा, ह्याला गेरूत बुचकळलास का रं?" पण त्याची कोकरं निघाली काळीकुट्ट. मायाप्पानं विकून टाकली. पुढच्या साली पुन्हा काळी, पुन्हा विकली. असं चार सालं. खोकला वाढत होता.

एक लंगडी काळी कोकरी मात्र लगमाक्कानं पदराखाली दडवली होती. "हिचा बाप तांबडा हाय. त्येचा रंग हिच्या पोटात असंल." कोकरी मोठी झाली, त्याच मेंढ्याकडून गाभण राहिली, आणि व्याली तर काय, भाकरीच्या रंगाचं कोकरू! त्या दिवशी वाडीत चूल न पेटताच भाकरीचा वास सुटला, असं म्हणतात. मायाप्पा कपाळ बडवत बसला. चार सालं आपल्याच हातानं त्यानं तो रंग बाजारात नेऊन सोडला होता.

एकाची दोन झाली, दोनाची सात. लोकर कातरली, सूत निघालं, घोंगडी विणणाऱ्या सनगरानं घोंगडं मागावर घेतलं. वीतभर विणायचं राहिलं, आणि मायाप्पाला बायकोचा शब्द आठवला. तो धावत गेला आणि त्यानं सनगराचा हात धरला.

"थांब! एवढी वीत ऱ्हाऊ दे."

"येड्या, धागं लोंबतील."

"लोंबू देत."

लगमाक्कानं पांघरून बघितलं. "अपुरं की हो!"

"लोकर संपली," मायाप्पा म्हणाला. त्याच्या मागं लोकरीची तीन पोती होती. तिनं ती पाहिली आणि नुसती हसली. मग दर साली ती विचारायची, आणि दर साली लोकर संपलेली असायची.

असं म्हणतात, त्या घोंगड्याला तव्याची ऊब होती. खोकला निवला. दात पडले, केस पिकले. यमाचा रेडा दारात यायचा, काठ हुंगायचा, वीत कमी बघून माघारी जायचा.

शेवटी मायाप्पाच आधी गेला. बाराव्यानंतर लगमाक्का घोंगडं घेऊन सनगराकडं गेली. "ती वीत कर बाबा आता पुरी." सनगरानं रडत रडत वीत पुरी केली. घोंगडं पांघरून ती माळावर मेंढरांत जाऊन बसली. सांजेला कळप परतला तेव्हा लगमाक्का नव्हती, आणि कळपात एक मेंढी जास्त होती. भाकरीच्या रंगाची.

अजूनही बोरमाळात तांबड्या मेंढ्याची काळी लेक पहिल्या वेताआधी कुणी विकत नाही. आणि लग्नात नवरीला भाकरीच्या रंगाचं घोंगडं मिळतं, वीतभर अपुरं. सगळी वऱ्हाडी मंडळी नवरदेवाला घेरून विचारतात, "पुरं का न्हाई रं?" त्याच्या मागं पोत्यांची थप्पी असते. त्यानं हसायचं नाही, मागं बघायचं नाही. नवरीच्या डोळ्यांत बघून एवढंच म्हणायचं, "लोकर संपली."