चुलीपाशी वाळणारे लंगोट

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, तुम्हीसुद्धा कान द्या. नदीकाठच्या एका गावात चिमाक्का नावाची सुईण राहायची. हाताला मोठा गुण. पण जीभ? अरे देवा, नुसती कात्री!

कुणाचं पोर आजारी पडलं, की ती चारचौघींत त्याच्या आईलाच विचारायची, “काय खाल्लंस गं? वांगं, की शिळंपाकं?” बायका फिदीफिदी हसायच्या. ती आई बिचारी मान खाली घालायची.

एकदा चिमाक्काच्या तान्ह्या नातवालाच जुलाब लागले. सून पथ्याची पक्की, तिचं काही चुकलं नव्हतं. लग्नघरची उरलेली खीर चिमाक्कानंच लाडानं त्याला चाटवली होती.

सून म्हणाली, “आत्याबाई, कुणाची तरी गाडी मागू. पलीकडच्या गावी वैद्यबुवांकडे नेऊ.”

“गप बस!” चिमाक्का म्हणाली. “गाडी मागितली की गावभर होईल. मी तोंड कुठं दाखवू?”

तिनं लंगोटसुद्धा अंगणात वाळत घालू दिले नाहीत. आत चुलीपाशी दोरी बांधली. पाजलेलं पोटात ठरेना. पोर मलूल पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना. चिमाक्काला सगळं कळत होतं. तरी लाजेपायी तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

तेवढ्यात शेजारची गजरा विस्तव मागायला आली. तिनं ते लंगोट पाहिले. पुढं होऊन बाळाच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती.

गजरानं काही विचारलं नाही. मीठ घालून पातळ पेज केली, चमच्याचमच्यानं बाळाच्या तोंडात सोडायला सुनेला बसवलं आणि नवऱ्याला हाक मारली, “अहो, गाडी जुंपा!”

वैद्यबुवांनी औषध दिलं. म्हणाले, “संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं.”

परतताना चिमाक्काची मान वर होईना. ती म्हणाली, “गजरा, खीर मीच चाटवली गं. तू विचारलं का नाहीस?”

“विचारून काय होतं, ते मला ठाऊक आहे, आक्का,” गजरा म्हणाली. “माझ्या नाम्याचे दोन्ही कान फुटले होते. पू यायचा. तुम्ही सगळ्यांदेखत मलाच बोलाल, म्हणून मी टोपडं बांधून लपवून ठेवलं. आता त्याला ऐकू येत नाही.”

चिमाक्काला आता उलगडा झाला. हाक मारली तरी वळून बघत नाही, म्हणून याच नाम्याला ती उर्मट कार्टं म्हणत आली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पदर तोंडात कोंबून ती रडली.

नातू बरा झाला. नाम्याचे कान मात्र गेले ते गेलेच. त्यानंतर चिमाक्का कुठल्याही आईला एवढंच विचारायची, “कधीपासून गं?” बायका पोरं घेऊन तिच्या दारी येऊ लागल्या, लवकर येऊ लागल्या. आणि नाम्याशी बोलायचं असलं, की म्हातारी वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहायची. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जन्मभर जड गेलं.

म्हणून ध्यानात ठेवा: आजारी लेकराच्या आईला बोल लावू नये, बोलाच्या भीतीनं आई आजार लपवते, आणि त्याची शिक्षा लेकरू भोगतं.