राजाच्या सूर्याला उशीर

"सूर्य उगवल्यापासून एका घटकेच्या आत जो वर्गात नसेल, त्याला शाळेचं दार बंद," असा उभागडाच्या राजा भुजंगरावांचा हुकूम होता. आणि "सूर्य दिसल्याशिवाय पायथ्याची चौकी उघडायची नाही," हाही त्यांचाच हुकूम. शाळा गडावर, तळखोरे गाव पायथ्याला. चौकी उघडली की तळखोऱ्याची बारा पोरं जीव खाऊन गड चढायची आणि रोज बंद दारावर जाऊन आदळायची. आता येत्या अमावास्येला त्यांची नावं पटावरून कायमची कटणार होती.

बुरुडाची केवडा ही त्या बारांत सगळ्यात मोठी, पंधरा वर्षांची. ती आधी पाटलांकडे गेली.

"पुढच्या वर्षी बघू," पाटील म्हणाले.

"पाटीलबाबा, गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मोठ्यांच्या तोंडी लागू नये, पोरी. विचार करायला आम्ही पंच आहोत ना?"

शाळेचे पाच पंच होते आणि पाटील त्यांतले मुख्य. पाचांपैकी एकानेही गेल्या वीस वर्षांत वर्गात डोकावलं नव्हतं, पण विचार मात्र अखंड चालू होता.

गडावर घटका मोजणारी रेणाबाई तेवढी कामाची निघाली. सूर्याची कोर दिसली की ती मोठा टोल द्यायची आणि तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. वाटी भरून बुडाली, की झाली एक घटका.

"रेणामावशी, तुम्हीच सांगा ना राजांना," केवडा म्हणाली.

"मी सांगितलं तर म्हणतील, बाई कुरकुरते. शाळा तुमची, बोलायचं तुम्ही. पण मोजल्याशिवाय बोलू नका. ये, वाटीला भोक केवढं पाडायचं ते दाखवते."

पोरांनी नारळाची करवंटी घासली, भोक पाडलं, रेणाबाईच्या वाटीशी ताडून पाहिली. मग वीस दिवस रोज पहाटे चौकीपाशी बसून मोजलं. गडावरचा टोल ऐकू आला की करवंटी पाण्यात. ती एकदा बुडायची, दुसऱ्यांदा बुडायची, तेव्हा कुठे तळखोऱ्यात सूर्य दिसायचा. पूर्वेला रेड्या डोंगर आडवा पसरलेला ना!

केवडा थेट दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, आमच्याकडे सूर्य दोन घटका उशिरा येतो."

दरबार खो खो हसला. राजाही हसला. "सूर्य काय पाहुणा आहे, कुणाकडे आधी आणि कुणाकडे नंतर जायला? तो सगळ्यांना सारखाच उगवतो. उशीर तुमच्या अंथरुणातून होतो."

"महाराज, आम्ही मोजलंय."

"मोजलंय? मग असं कर. माझ्या सूर्याला एक दिवस एक घटका उशीर करून दाखव. दाखवलास तर शाळेची वेळ तुम्ही म्हणाल ती. नाही जमलं तर अमावास्येपर्यंतही थांबणार नाही, त्याच दिवशी बाराही नावं कटतील."

दरबारात बसलेल्या पाटलांनी कपाळाला हात लावला. बारा जणांची शाळा आता केवडाच्या एका जिभेवर होती.

"सूर्य उगवला की नाही हे ठरवणार कोण, महाराज?"

"मी. माझ्या डोळ्यांनी. सूर्य पाहिल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे."

"आणि बघायला कुठं यायचं हे आम्ही सांगितलं तर चालेल?"

"कुठंही बोलाव," राजा म्हणाला. "इथून तिथून सूर्य एकच!"

तिसऱ्या दिवशी अंधार असतानाच राजाची पालखी तळखोऱ्यात उतरली. पोरांनी चौकीसमोर घोंगडी अंथरली होती. शेजारी चुलीवर त्या बारांतल्या येसूची आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आणि पिठल्याच्या फोडणीत लसूण तडतडत होता. पाण्याच्या घंगाळापाशी दिवाणजी रेणाबाईची दुसरी वाटी घेऊन बसले.

गडावर टोल पडला. दिवाणजींनी वाटी सोडली.

"महाराज, रेणामावशींनी टोल दिला. गडावर सूर्य उगवला," केवडा म्हणाली. "घ्या, गरम आहे तोवर जेवून घ्या."

राजाने डोंगराकडे पाहिलं. "मला कुठं दिसतोय?"

"मग थांबू या."

वाटी बुडाली. "एक घटका," दिवाणजी म्हणाले.

राजाने भाकरीकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. पिठल्याचा वास घोंगडीभोवती फिरत होता. "पाणी तरी..." राजा पुटपुटला आणि आपल्याच नेमाची आठवण होऊन त्याने हात मागे घेतला. पोटातला आवाज मात्र पालखीच्या भोयांनाही ऐकू गेला.

वाटी पुन्हा बुडाली. "दोन घटका," दिवाणजी म्हणाले, आणि तेव्हाच रेड्या डोंगरामागून सूर्याची कोर वर आली.

"आपल्या सूर्याला दोन घटका उशीर झाला, महाराज," केवडा म्हणाली. "आपण एकच मागितली होती."

"वा गं वा!" राजा भुकेने चिडला होता. "सूर्याला कसला उशीर? तो वेळेवरच निघाला होता. मध्ये डोंगर आडवा आला, त्याला तो काय करणार?"

"हेच आमच्याबद्दल शाळेच्या दारात सांगा, महाराज. पोरं वेळेवरच निघाली होती. मध्ये डोंगर आडवा आला, त्याला ती काय करणार?"

मग राजा असा हसला की घंगाळातल्या पाण्यावर लाटा उठल्या. हसता हसताच त्याने अख्खी भाकरी संपवली आणि तोंड पुसत हुकूम सोडला, "उद्यापासून तळखोऱ्यात सूर्य दिसला की मग एक घटका मोजायची. बाराही नावं पटावर राहतील, आणि आजवरच्या गैरहजेऱ्या पुसून टाका."

"मी म्हणतच होतो," पाटील पुढे सरसावले, "की मुलांचं काहीतरी..."

राजाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "केवडा, हे झालं पैजेचं. आता बक्षीस माग. कडं हवं, जमीन हवी?"

केवडाने मागे उभ्या असलेल्या अकरा जणांकडे पाहिलं. "शाळेच्या पंचांत दोन जागा द्या, महाराज. विद्यार्थ्यांना. कोण बसायचं ते आम्ही आमच्यातून निवडू."

"अगं, पंचांत बसायला वय लागतं," पाटील कळवळले.

"वय लागत असेल तर पाचांकडे आहे की," केवडा म्हणाली. "शाळेत जाणारं कुणी नाही, तेवढीच उणीव."

राजाला पुन्हा हसू फुटलं. दुसऱ्या भाकरीकडे हात नेत तो म्हणाला, "पाटील, जरा सरकून बसा."