शनिवारची केळी

फार मागची गोष्ट आहे. सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाला एक दाट रान होतं. त्या रानात काळ्या माकडांची एक टोळी राहायची. अंग काळंभोर, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. देवळाच्या पायरीवर बसून नारळ पळवणारी माकडं ही नव्हेत. ही लाजाळू जात. जन्म झाडावर, मरणही झाडावरच. या फांदीवरून त्या फांदीवर जायचं, फळं गालाच्या पिशवीत कोंबायची, पुढच्या झाडावर बसून खायची आणि बिया थुंकायच्या. त्या बियांतून नवं रान उगवायचं. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होई, त्यामुळे टोळी कधी फार वाढली नाही.

रानाच्या कडेला एक बागवाला राहायचा. त्याची सुपारीची बाग होती. बागेतून गावात जायला रानाला वळसा पडे, म्हणून त्यानं रानातून सरळ गाडीवाट काढायचं ठरवलं.

रानात मुळ्या-पाल्याची औषधं शोधत फिरणारी एक म्हातारी वैदीण होती. कुऱ्हाडी बघून ती म्हणाली, "वाट काढ बाबा, मी काही आडवी पडत नाही. पण ओढ्याकाठची ती पाच झाडं सोड. वर त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्यात. तोच माकडांचा पूल. उंबर, फणस सगळे पलीकडे आहेत."

"तेवढ्यासाठी वाट वाकडी करू? माझे बैल वळणावर अडतात, म्हातारे."

"बैलांना वळायला शिकव. माकडं अडली तर उपाशी मरतील."

"माकडाला काय धाड भरलीय! मारेल उडी."

"आधी तू मारून दाखव."

गडीमाणसं हसली. पण पाचही झाडं पडली.

टोळी अलीकडे राहिली, फळं पलीकडे. मध्ये नुसतं आभाळ. एक मादी पोटाला पिल्लू धरून शेवटच्या फांदीवर यायची, पलीकडे बघायची आणि मागे फिरायची. होता होता तिच्या फासळ्या दिसायला लागल्या.

बागवाल्यानं ते बघितलं. माणूस काही दुष्ट नव्हता. शनिवार मारुतीचा वार, म्हणून त्यानं गाडीवाटेवर टोपलीभर केळी ओतली. पहिल्या शनिवारी कुणी उतरलं नाही. चौथ्या शनिवारी ती मादी उतरली. तिच्या मागून बाकीची.

मग दर शनिवारी गाव बघायला येऊ लागलं. "काय हो पुण्य तुमचं! रानातली जनावरं हातातून खातात!" बागवाला खूश. गाडीच्या चाकांचा आवाज आला की माकडं पळत खाली यायची.

वैदिणीनं एकदा त्याला वाटेतच गाठलं. "हे बंद कर. जमिनीवर चालणं ह्यांना ठाऊक नाही. गावातली पोरं वेताचे दोर वळतात, ते इकडच्या झाडापासून तिकडच्या झाडाला बांध. चार माणसं दे, दिवसाभराचं काम. खाली रोपं लाव."

"दर शनिवारी पोटभर घालतो की! आणखी काय पाहिजे त्यांना?"

"पाच झाडं पाहिजेत. ती तूच पाडलीस."

बागवाला म्हणाला, "दोर बांधला तर ती खाली येणार नाहीत."

"येऊच नयेत."

"मग माझी केळी कोण खाईल? गाव काय बघायला येईल?"

वैदीण म्हणाली, "तू माकडांना जेवू घालतोस की स्वतःला?" एवढं बोलून ती गेली. दोर काही बांधला गेला नाही.

पुढच्या शनिवारी उतारावर गाडी थांबायच्या आत टोळी धावली. ओझ्यामुळे बैल आवरेनात. एक केळं घरंगळलं, ते धरायला पिल्लू आईच्या पोटावरून सुटलं आणि चाकाखाली गेलं.

मादीनं ते उचललं आणि ती झाडावर चढली. मेलेलं पिल्लू छातीशी धरून ती चार दिवस हिंडली. पुन्हा खाली आली नाही आणि जगलीही नाही. बाकीची येतच राहिली. काहींना कुत्र्यांनी धरलं, काही गाड्यांखाली गेली. दोन वर्षांत टोळी संपली.

बागवाला ढसाढसा रडला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यानं त्या जागी देऊळ बांधलं, आत दगडाचं काळं माकड बसवलं आणि वैदिणीला बोलावणं धाडलं. "तू रानाची जाणती. पहिला नारळ तू फोड."

"कुणापुढं?"

"माकडापुढं."

"कुठाय माकड?"

बागवाल्यानं दगडाकडे बोट दाखवलं. वैदिणीनं नारळ खाली ठेवला आणि ती रानात निघून गेली.

ते देऊळ अजून आहे. लोक दर शनिवारी तिथं केळी ठेवतात. खायला कुणी येत नाही. सोमवारपर्यंत ती सडतात, मग पुजारी ती ओढ्यात टाकतो.

तात्पर्य काय, तर ज्याची वाट तोडली त्याला वाट परत द्यावी. वाटेऐवजी घास देणं ही दया नव्हे, ती आपल्याच मनाची समजूत.